साठ बकऱ्या आणि सुनेची तोंडी परीक्षा

राजापेठ

लोक अमरावतीला उतरतात ते पुढे चिखलदऱ्याला जायला. मी उतरलो ते सुनेची तोंडी परीक्षा ऐकायला. सून वैशाली पशुवैद्य आहे, तिवशाची आहे, आणि गेली चार वर्षं अकोल्याला राहून बकऱ्यांच्या पोटातल्या जंतांवर पीएच.डी. करत होती. मुलाला पुण्याहून रजा मिळाली नाही, म्हणून सासरच्या बाजूने मी. आयुष्यभर मी एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. धूळ खात पडलेले प्रबंध शेकड्यांनी पाहिले, पण त्यांतला एकही जन्माला येताना पाहिला नव्हता.

स्टेशनवर वैशालीचे सुधाकरमामा स्कूटर घेऊन आले होते. वैशाली दहावीत असताना तिचे वडील गेले. तेव्हापासून तिच्या शिक्षणाचा भार मामांनी उचलला. त्यांचे राजापेठेत गणिताचे क्लास आहेत. माझी बॅग त्यांनी पायांत घेतली, मला मागे बसवलं आणि ज्या वाहतुकीत मी पायीसुद्धा शिरलो नसतो तिच्यात एका हाताने स्कूटर घातली. दुसऱ्या हाताने ते मला शहर दाखवत होते.

राजापेठेच्या चौकात त्यांनी स्कूटर थांबवली आणि नुसतं वर बोट केलं. वर एक मजलाभर उंचीचा फ्लेक्स होता. मधोमध वैशाली, हात जोडून. खाली मोठ्या अक्षरांत, पीएच.डी. पदवी संपादन केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. पशुवैद्य असल्यामुळे ती आधीपासूनच डॉक्टर होती, आणि ती जुनी डॉक्टरकी वाया जाऊ नये म्हणून नावामागे 'डॉ. डॉ.' असं दोनदा छापलं होतं. भोवती चौदा शुभेच्छुकांचे गोल फोटो. नवव्या गोलात मी होतो. लग्नाच्या पंगतीतला फोटो असावा, कारण माझ्या गालात जिलबी होती.

मी हबकलोच. "मामा, परीक्षा परवा आहे ना?"

"हो ना भाऊसाहेब. पन बोर्डवाला परवा त्याच्या साळ्याच्या लग्नाले जाऊन राहिला. म्हटलं, आजच लावून टाक."

"आणि काही कमीजास्त झालं तर?"

मामांनी माझ्याकडे क्लासमधल्या मंद मुलाकडे बघावं तसं बघितलं. "पीएच.डी.त कोनी नापास होत असते काय? प्रबंध तपासून मंजूर झाला. आता नुसतं सायबानं विचारायचं, इनं सांगायचं, अन् समद्यांनी जेवायचं."

आमच्याकडे निकाल लागल्यावर अभिनंदन करतात आणि तेही आवाज खाली ठेवून, शेजारच्याच्या मुलाला कमी पडले असतील तर. इथे अभिनंदन आधी, निकाल सवडीने. मला ते भयंकर वाटलं. पण मामांनी नेऊन गिला वडा खायला घातला, दह्याने निथळणारा, वरून चिंचेची चटणी. आणि दुसऱ्या वड्यानंतर मला ती पद्धत तितकीशी वाईट वाटेना.

तिवशाच्या पुढे

दुसऱ्या दिवशी मामांबरोबर नागपूरच्या रस्त्याने तिवशाला. वैशाली अकोल्याहून आदल्या रात्रीच माहेरी आली होती. परीक्षेच्या आधी तिला एका गावाला जायचं होतं, ज्या गावातल्या बकऱ्यांवर तिने प्रयोग केला त्या गावाला. बायकांना उद्याचं आमंत्रण द्यायचं होतं, कारण ही परीक्षा खुली असते, कुणालाही बसून ऐकता येते. गावाचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर त्या बायका मला सोडणार नाहीत.

फेब्रुवारी होता. रस्त्याच्या कडेला पळस असा फुलला होता की पान औषधालाही दिसत नव्हतं. वैशाली म्हणाली, "बाबा, माझा सगळा प्रबंध म्हणजे हे झाड."

तिच्या प्रबंधाचा मराठी सारांश मी पुण्यात बसून तपासला होता. तो वाचकांना दोन ओळींत सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पळसाच्या बिया, म्हणजे पळसपापडी, जंतांवर चालते असं जुने लोक सांगतात. खरंच चालते का, हे वैशालीला बघायचं होतं. पावसाळा संपता संपता तिने गावातल्या साठ बकऱ्या प्रयोगाला घेतल्या. तीस बकऱ्यांच्या मालकिणींना पळसपापडीच्या भुकटीच्या एकवीस-एकवीस पुड्या दिल्या, रोज एक खाण्यात घालायला. उरलेल्या तीस बकऱ्यांना तशाच पुड्या, पण आत नुसता गव्हाचा कोंडा. मग दर आठवड्याला प्रत्येक बकरीच्या लेंड्या स्वतः गोळा करून सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी मोजली. निकाल निघाला की दोन्हीकडची अंडी सारखीच कमी झाली. औषधवाल्यांची जितकी, कोंडावाल्यांचीही तितकीच. म्हणजे पाऊस संपल्यामुळे जंत आपसूक घटले. पळसपापडीचा उपयोग शून्य. तिने तसं प्रामाणिकपणे लिहिलं. नकारार्थी निष्कर्ष काढणारी माणसं मी फार कमी पाहिली आहेत, त्यामुळे मला सुनेचा अभिमान वाटला होता.

गावात शिरताच बायकांनी तिला घेरलं. पाहुण्यांसाठी गोवऱ्यांच्या आरात रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, भाजले होते, सोबत वरण आणि तिखटजाळ वांग्याची भाजी. रोडगा फोडून त्यात तूप ओतल्याशिवाय खायचा नसतो, हे मला तीन बायकांनी तीनदा सांगितलं. जेवणानंतर वैशाली घरोघर बकऱ्या बघायला गेली आणि मी एका ओट्यापाशी रेंगाळलो.

"तुमी वैशालीचे सासरे काय? पुन्याचे?" ओट्यावर साठीची एक बाई चारा निवडत होती. सुभद्राबाई. तिथल्या बचत गटाच्या अध्यक्ष.

"हो."

"मंग असे उभे कावून? बसा ना. पुन्यात बसत नाई काय?"

मी बसलो. समोर तिच्या तीन बकऱ्या होत्या, चांगल्या तुकतुकीत. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "बकऱ्या छान आहेत."

"राहतीनच ना. आंधी हाडं मोजून घ्या अशा व्हत्या. पळसपापडीनं सुधारल्या. लय गुनाची हाये बाप्पा."

मी सारांश वाचलेला माणूस. मला वाटलं, गरीब बाईचा समज आहे, असू दे. तरी खोड जाईना. "तुमच्या बकऱ्यांना औषधाच्या पुड्या होत्या का?"

"नाई. माह्या वाट्याले कोंडा आल्ता."

"मग पळसपापडी कुठून खाल्ली त्यांनी?"

"वाटून घेतली ना."

मला नीट ऐकू आलं नाही असं मला वाटलं. नीट ऐकू आलं असावं असं वाटायचं धाडस होत नव्हतं.

"वाटून म्हणजे?"

"पह्यल्याच दिवशी पुड्या सोडून पाह्यल्या. मी जिभीवर ठेवून पाह्यलं. शांतीच्या पुडीत कडूजार औषध, माह्या पुडीत कोंडा. शांतीची बकरी अन् माही बकरी एकाच रानात चरते. तिले औषध अन् माहीले कोंडा, हा काय न्याय झाला? आमच्या गटाचा कायदाच हाये, जे येईन ते सारखं वाटायचं. समद्या पुड्या एका घमेल्यात ओतल्या, हातानं कालवल्या, अन् वाटीनं मोजून साठही बकऱ्याइले सारखं देलं. एकवीस दिवस. चिमूटभर इकडचं तिकडं झालं नाई."

चार वर्षं. साठ बकऱ्या. हजारो लेंड्या. आणि हे सगळं एका घमेल्यात.

"वैशालीला सांगितलंत?"

सुभद्राबाई पुढे वाकली आणि आवाज उतरवला. "तिले कायले सांगा लागते? अर्ध्या पुड्याइत औषध टाकाचं इसरली पोरगी. उगाच तिच्या जिवाले लागलं असतं. आपलीच हाये, चुकली त चुकली. आमी पोटात घातलं, तुमीबी घाला."

तिवसा, संध्याकाळ

मी पोटात घालणार होतो. खरं सांगतो. परतीच्या जीपमध्ये मी मनाशी ठरवलं होतं की आता काही बोलायचं नाही. प्रबंध मंजूर झाला आहे, मी पुण्याचा पाहुणा, परवा निघून जाईन. आयुष्यभर ज्या थाटामाटाला हसलो त्याच्या रक्षणासाठी मी इतक्या चटकन तयार झालो, याचा धक्का सुभद्राबाईच्या घमेल्यापेक्षा कमी नव्हता.

पण वैशाली घरी आल्यावर उद्याची तयारी करायला बसली, आणि पडद्यावर दाखवायचं शेवटचं पान तिने मला वाचून दाखवलं. "पळसपापडीचा शेळ्यांतील जंतांवर परिणाम आढळला नाही." मग म्हणाली, "बाबा, गावात आता हे सांगायला हवं. उगाच बिया गोळा करत बसतात बायका."

तेव्हा मला बोलावं लागलं.

तिने मध्ये एकदाही थांबवलं नाही. माझं संपल्यावर ती उठली, माठातलं पाणी प्यायली, परत येऊन बसली आणि म्हणाली, "म्हणजे साठही बकऱ्यांना अर्धा डोस."

"हो."

"आणि अर्ध्या डोसात इतकी अंडी कमी झाली." तिच्या चेहऱ्याचं वर्णन मला करता येत नाही. घर जळताना त्यात आपलं हरवलेलं काही दिसावं, तसा. "बाबा, मग हे औषध चालत असेल. आणि मी चालत नाही असं लिहिलंय."

"चालत असेल," मी म्हणालो. "नक्की आता कुणालाच माहीत नाही."

विहीणबाई स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. मामा भिंतीला टेकले होते. मग तेच बोलले. "म्हनजे पदवी नाई काय?"

"सांगितलं तर बहुतेक नाही, मामा," वैशाली म्हणाली.

"त सांगतं कोन? तू नाई सांगत. हे नाई सांगत. त्या बायका त सांगतच नाईत. पोरी, बोर्ड लागला ना. समद्या राजापेठेनं पाह्यला." आणि मग एकदम आवाज फुटला त्यांचा. "तुह्या बापाले मी शबद देल्ता."

वैशालीने तिच्या मार्गदर्शक सरांना फोन लावला. सगळं सांगितलं. मग सर म्हणाले, "प्रबंध तुझा, निर्णय तुझा. मी उद्या मध्ये पडणार नाही." हे धैर्य होतं की पळवाट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

अकोला

अमरावतीहून अकोल्याचा रस्ता सरळ आणि कोरडा आहे. कापसाचे ट्रक, तुरीची खुंटं, पुन्हा कापसाचे ट्रक. गाडीत कुणी बोललं नाही. मागच्या जीपमध्ये मात्र गावातल्या नऊ बायका ठेवणीतली लुगडी नेसून गाणी म्हणत येत होत्या. आमंत्रण गेलं होतं, ते परत घ्यायचं कुणाला सुचलं नाही.

सभागृहात पांढऱ्या चादरी घातलेले तीन सोफे, फुलदाण्या, पाण्याच्या बाटल्या. परराज्यातून आलेल्या परीक्षकांचा परिचय एका सरांनी करून दिला. त्यात परीक्षकांच्या शाळेतल्या बक्षिसांपर्यंत काही सुटलं नाही. शाल, श्रीफळ, गुच्छ. मग दुसऱ्या सरांना शाल देणाऱ्या सरांना तिसऱ्या सरांनी शाल दिली. बकरीचं नाव निघायला पाऊण तास लागला. परीक्षक हा उंच, थकलेला, हिंदी बोलणारा गृहस्थ होता. प्रत्येक शाल तो घडी करून शेजारच्या खुर्चीवर ठेवत होता; माझं त्याच्याविषयी बरं मत झालं.

वैशाली उभी राहिली. प्रयोग सांगितला, आकडे दाखवले. आवाज स्वच्छ होता. शेवटचं पान पडद्यावर आलं, ते तिने वाचलं, आणि म्हणाली, "हा निष्कर्ष मी मागे घेते."

तिने घमेल्याची हकीकत सांगितली. नावं न घेता, कुणाला दोष न देता, पाच वाक्यांत. मार्गदर्शक सर आपल्या पाण्याच्या बाटलीवरचं लेबल वाचत होते. मामांनी डोळे मिटले होते.

परीक्षक म्हणाले, "ये आपको कब पता चला?"

"काल."

"रिपोर्ट तो मैं दे चुका था. आप चुप रहतीं तो मुझे कभी पता नहीं चलता."

"जी."

एवढ्यात मागच्या रांगेतून सुभद्राबाई उभी राहिली. तिला आता कुठे उमगत होतं की त्या पुड्यांचं इथे काहीतरी भलतंच झालं आहे. "सायेब, वाटलं आमी. तिनं नाई. तिले कायले बोलता?"

"अम्मा, क्यों बाँटा?"

"तुमीच सांगा. घरात दोन लेकरं खोकलून राह्यले, अन् औषध एकालेच पाजान काय?"

कुणीतरी हसलं. परीक्षक हसले नाहीत. त्यांनी पेन बंद करून खिशाला लावलं, पुन्हा काढलं, आणि माझ्या आयुष्यात मी ऐकलेला सगळ्यात सभ्य नकार दिला. ते म्हणाले की आज सही होणार नाही. प्रयोगाचा हा भाग येत्या पावसाळ्यानंतर पुन्हा करावा लागेल, आणि तेव्हा ते स्वतःच्या खर्चाने येतील. मग व्यासपीठावरून उतरताना वैशालीसमोर थांबून त्यांनी मान लववली, आणि ते बाहेर पडले.

जेवण तर ठरलेलंच होतं. कढी-गोळे, पुऱ्या, श्रीखंड. पीएच.डी. न झाल्याचं जेवणही तितकंच चांगलं लागतं, फक्त कुणी दुसऱ्यांदा मागत नाही. मामांनी ताटाला हात लावला नाही. वैशालीने मात्र दोन पुऱ्या खाल्ल्या, हात धुतले आणि बाहेर कडुनिंबाखाली बायका बसल्या होत्या तिकडे गेली. मी तिच्या मागे गेलो. मला वाटलं ती त्यांची समजूत घालणार.

ती सरळ खाली मातीत बसली. "मावशी, तुमाले वाटलं मी औषध टाकाचं इसरलो?"

"मंग काय त."

"इसरलो नव्हतो. मुद्दाम कोंडा देल्ता." आणि तिने सांगायला सुरुवात केली. पळसपापडीने जंत गेले की पाऊस संपला म्हणून गेले, हे कळायचं कसं? त्यासाठी काही बकऱ्यांना औषध न देता बघावं लागतं, दोघींची तुलना करावी लागते. ज्या प्रबंधाच्या सारांशाचं मी व्याकरण तपासलं तो मला त्या पाच मिनिटांत पहिल्यांदा समजला.

सुभद्राबाईने ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हे तवाच कावून नाई सांगतलं?"

वैशाली म्हणाली, "मले वाटलं, तुमाले नाई समजनार."

सारांशात एक वाक्य होतं: पशुपालकांना प्रयोगाची संपूर्ण माहिती देण्यात आली. त्यातला 'संपूर्ण'चा अनुस्वार मी स्वतः दुरुस्त केला होता. त्या दोन दिवसांत मला बरेच धक्के बसले, पण या वाक्याच्या आठवणीने मला खाली बघावं लागलं.

"लय शिकली अन् आमाले येडी समजली," जिच्या पुडीत औषध निघालं होतं ती शांती म्हणाली. त्यात राग होता, आणि तो रास्त होता. वैशालीने मान खाली घातली. कुणी तिला सावरलं नाही. पुण्याला असतो तर कुणीतरी विषय बदलला असता. इथे त्यांनी तिला ते पुरतं ऐकू दिलं.

मग वैशालीने विचारलं, "पावसाळ्यानंतर पुन्हा करा लागन. अर्ध्या बकऱ्या कोंड्यावर. कोन देते?"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. औषध नको असणारी बकरी कुणाची असते?

"किती दिवस?" सुभद्राबाईने विचारलं.

"एकवीस."

"अन् मंग?"

"मंग त्याइलेबी औषध. पूर्न."

"त्या एकवीस दिवसांत मरायले टेकली त?"

"मी रोज येईन पाह्यले. तशी दिसली त त्याच दिवशी औषध देईन अन् तिचं नाव प्रयोगातून काढीन."

"अन् लय बकऱ्या तशा झाल्या त? तुही पदवी?"

वैशाली म्हणाली, "मंग प्रयोग मोडीन, मावशी."

सुभद्राबाईने तिच्याकडे नीट बघून घेतलं, बाजारात जनावर पारखावं तसं. मग गुडघ्यावर हात देऊन उठली आणि लुगड्याची माती झटकली.

"माह्या तीनही लिहून घे," ती म्हणाली. "कोंड्यावर."